केशरचे घर

सापासाठी घर, असा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला तर अजूनही सगळे हसतात. वडिलांचे मत ठरलेले आहे : "साप घरात निघत असतो. त्याला घर कसलं करायचं?" हे मत अनुभवातून आलेले असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नाही. तरीही गेली दीड-दोन वर्षे मी एका प्रश्नात डोके घालून बसलो आहे. पाळलेला साप काचेच्या पेटीत ठेवावा की प्लॅस्टिकच्या डब्यात? कला शाखेच्या वार्षिकाला हा विषय शोभतो की नाही, कोण जाणे. आपल्याकडे प्राणिशास्त्राचा विभाग नाही. तेव्हा माझा आगाऊपणा पकडणारेही कुणी नाही, या भरवशावर लिहितो.

आधी वडिलांच्या मताबद्दल. आम्ही पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कोल्हापूरकडे कारखान्यावर जातात आणि शिमग्यानंतर परततात. सातव्या वर्षापर्यंत मीही त्यांच्याबरोबर जात असे. नंतर आजीने मला शाळेसाठी गावी ठेवून घेतले. कारखान्याच्या माळावर आमची कोपी असे. बांबू वाकवून वर उसाचे पाचट टाकलेले, दाराशी वाकूनच आत जायचे, आत ज्वारीचे पोते, चूल, गोधड्या. पोत्याच्या वासाला उंदीर येत आणि उंदरांच्या वासाला साप. एका वर्षी शेजारच्या कोपीतली माझ्याएवढी मुलगी रात्री झोपेत मण्यारीने चावली. मण्यार चावली तर बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही, दातांची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोरगी पोट दुखते म्हणून रडू लागली. आईने तिला ओवा दिला. मग तिच्या पापण्या मिटू लागल्या. गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत ऊन वर आले होते. तिचे नाव मी इथे लिहीत नाही.

त्यानंतर साप म्हटले की मला थंडी वाजे. ही भीती घालवली ती आमच्या शेजारगावच्या एका सर्पमित्राने. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही म्हणतो. नववीत असल्यापासून मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून जाऊ लागलो. माझे काम बरणी धरण्याचे. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या ज्या मोठ्या प्लॅस्टिकच्या बरण्या असतात, त्यांच्याच झाकणाला तापल्या खिळ्याने भोके पाडलेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखायला आधी शिकलो. मग धामण, तस्कर, दिवड, कवड्या. लोक कवड्याला मण्यार समजून मारतात आणि धामणीला नाग समजून. असो, तो वेगळा विषय आहे.

बरणीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पहिल्याच महिन्यात ध्यानात आली. पारदर्शक बरणीतला साप सारखा फिरत राहतो, झाकणाशी तोंड घासतो, लोक वाकून पाहू लागले की आदळतो. भाऊ बरणीभोवती आपला काळा गमछा गुंडाळत, आणि दोन मिनिटांत आतली धडपड थांबे. साप वेटोळे घालून गप्प. मी विचारले तर भाऊ म्हणाले, "आपल्याला दिसत नाही म्हणून आपण भितो. त्याला कुणी बघत नाही म्हणून तो निवांत होतो." अर्थात बरणी हे घर नव्हे. वन खात्याला कळवायचे, नोंद करायची आणि साप लवकरात लवकर योग्य जागी सोडायचा, एवढ्यापुरतीच ती. आपल्याकडचा साप घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे भाऊ प्रत्येक ठिकाणी सांगत. मांडूळ ठेवले की पैसा येतो असे मानणाऱ्यांना तर जरा मोठ्याने सांगत.

बारावीची परीक्षा झाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये मी पुण्याला मावशीकडे गेलो. जाण्याचे कारण असे की घरात माझ्यावरून बोलणी चालू होती. पुढच्या हंगामाची उचल घेताना मुकादमाला किती कोयते सांगायचे, हा प्रश्न पावसाळ्याच्या तोंडावर सुटावा लागतो. वडिलांचे म्हणणे, बारावी झाली, आता ये. आई काही बोलत नव्हती. मी म्हणालो, पहिल्या वर्षाची फी आणि एसटीचा पास एवढे मी स्वतः आणतो, मग तर झाले? वडील म्हणाले, "आण." तेवढ्यावर मी निघालो.

मावशी कोथरूडला तीन-चार घरी धुणीभांडी करते. त्यांतल्या एका घरी साप होता. घरचा मुलगा शिकायला जर्मनीला गेला होता आणि जाताना आपला साप आईवडिलांपाशी ठेवून गेला होता. आता ते दोघेही सहा आठवडे त्याच्याकडे जाणार होते. सापाला पाहणार कोण? मावशीने सांगून टाकले, "माझा भाचा साप धरतो." तिला वाटले, साप म्हणजे साप!

तो कॉर्न स्नेक होता. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. तिकडे मक्याच्या कणगीपाशी उंदरांच्या मागावर हिंडतो म्हणून हे नाव पडले असे काही म्हणतात. पोटावरचे काळे-पांढरे चौकडे मक्याच्या रंगीत कणसासारखे दिसतात म्हणून, असे दुसरे म्हणतात. आपल्या तस्कराचा तो दूरचा नातलग. भक्ष्याला वेटोळे आवळून मारतो, झाडावर सराईतपणे चढतो, माणसाच्या हातात शांत राहतो, आणि पाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. हा साडेतीन फुटांचा होता, भगवा, पाठीवर तांबडे ठिपके. मादी. नाव केशर. मी आयुष्यात पाहिलेला पहिला नाव असलेला साप.

केशर दिवाणखान्यात राहत असे. चार फुटांची काचेची पेटी, वर जाळी, जाळीवर दिवा, आत हिरवी प्लॅस्टिकची पाने, मागच्या काचेवर जंगलाचे चित्र. मुलाने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून ती घेतलेली. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी आलं की आधी केशरकडे जातं." रोज संध्याकाळी फोनवरून मुलाला ती दाखवायची, पाणी बदलायचे, दर दहा दिवसांनी बर्फाच्या कप्प्यातला एक उंदीर कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने द्यायचा. मावशीने त्या फ्रिजला हात लावण्याचे तेव्हापासून जे सोडले ते आजतागायत. काकांनी जाताना हळूच सांगितले, की मार्चपासून तिने काही खाल्लेले नाही.

घर बंद झाले, खिडक्या लागल्या, आणि पुण्याचा पारा चाळिशीपुढे गेला. दिवाणखान्याची भिंत पश्चिमेची. दिवा तर मी पहिल्या दिवशीच बंद केला, तरी दुपारी पेटीतला तापमापक ३७ दाखवू लागला. या सापाला उबेच्या बाजूला २८ ते ३० आणि थंड बाजूला २४-२५ असले की पुरे. शिवाय वर सगळी जाळी, त्यामुळे आतला ओलावा टिकायचा नाही. तिचे डोळे दुधाळ निळे झाले होते, म्हणजे कात टाकण्याचे दिवस आले होते; आणि कोरड्या हवेत कात अखंड निघत नाही. तुकडे अंगाला चिकटून राहतात, शेपटीच्या टोकाला आवळतात, डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला तर पुढे डोळाही जातो. मागच्या वेळची कात कपाटात जपून ठेवली होती, ती मी पाहिली : चिंध्या. आणि दिवसभर ती काचेला नाक घासत फिरत होती. काच ही वस्तू सापाला कळत नाही. समोर मोकळे दिसते आणि जाता येत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा तिथेच जातो. तिच्या नाकाचे खवले सोलले होते.

पेटी उचलून थंड खोलीत न्यावी, तर ती दोन माणसांनाही हलणारी नव्हती.

मी भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "कॉर्न स्नेक मी हातात धरलेला नाही. पण साप आहे ना? गमछा आठव." मग जर्मनीला फोन. मी सांगितले, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवू या. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग मुलगा म्हणाला, "डब्यात? धान्य ठेवतात तसं?" त्याचे वाईट वाटणे मला समजत होते. पेटी त्याने तिच्यासाठी घेतली होती, आणि संध्याकाळी फोनच्या चौकटीत ती त्या काचेतूनच त्याला दिसत होती. त्याने पुण्यातल्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी हरकत नाही म्हटल्यावर मला आठ दिवसांची मुदत मिळाली. मावशी मात्र घाबरली. "त्यांचं लेकरू हाय ते. काय झालं तर माझं काम गेलं समज," ती म्हणाली, आणि तिचे काम म्हणजे तिच्या दोन मुलींची शाळा, हे तिने सांगायची गरज नव्हती.

रविवार पेठेत बोहरी आळीत मी डबा घेतला. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच, धुरकट प्लॅस्टिकचा, झाकणाला चारही बाजूंनी कड्या. दुकानदाराने विचारले, "गोधड्या ठेवायच्या का?" मी हो म्हटले. भोके पाडताना ती आतून बाहेर पाडायची, म्हणजे वितळलेली खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचे अंग खरचटत नाही. दोन्ही आखूड बाजूंना वरच्या अंगाला तीन-तीन ओळी, प्रत्येक भोक तिच्या डोक्यापेक्षा बरेच लहान. तळाला नारळाच्या काथ्याचा भुगा. दोन मातीच्या कुंड्या, काठाला तोंडाएवढी खाच पाडून उपड्या ठेवलेल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्यांतल्या एकीत ओले करून पिळलेले फडके. जड वाडगे पाण्याचे. गॅलरीतल्या कढीलिंबाची एक वाळकी फांदी तिरपी. सगळा डबा मी एकट्याने उचलला आणि न्हाणीघरासमोरच्या बोळातल्या शहाबादी फरशीवर ठेवला. घरातली सगळ्यात थंड जागा तीच. दुपारी तिथे २९ च्या वर पारा गेला नाही.

केशर ओल्या कुंडीत शिरली आणि दिसेनाशी झाली. चार दिवस संध्याकाळच्या फोनवर मी एक उपडी कुंडी दाखवत होतो. मुलगा विचारी, "आहे ना?" मी म्हणे, आहे. पाचव्या दिवशी तो जरा चिडून म्हणाला, "मला दिसतच नाही ती." मी म्हणालो, दादा, तिला तेच पाहिजे असेल. बोलून गेलो आणि वाटले, हे बोलायला नको होते. घरापासून लांब असलेल्या माणसाला असे तोडून बोलू नये.

सातव्या दिवशी सकाळी कात मिळाली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध, पायमोज्यासारखी उलटी निघालेली, डोळ्यांवरचे दोन्ही पापुद्रे जागच्या जागी. ती मी फरशीवर मोजली. कात सापापेक्षा लांब भरते, ती सव्वाचार फूट भरली. आणखी तीन दिवसांनी तिने उंदीर घेतला. मी डब्याचे झाकण लावून बोळात बसून राहिलो. आत काही आवाज येत नव्हता. मावशी दारातूनच म्हणाली, "खाल्लं का रं?" मी मान हलवली, तर ती देवाला हात जोडून भांडी घासायला गेली.

एका सापावरून सिद्धांत मांडू नये, असे आपले तर्कशास्त्राचे सर म्हणतील, आणि ते बरोबर आहे. उष्णता कमी झाली म्हणून ती खाऊ लागली, की ओलाव्यामुळे, की अंधारामुळे, हे मला वेगळे काढून दाखवता येणार नाही. पण तेव्हापासून मी वाचतो आहे, आणि एक गोष्ट मला दिसते. काचेची पेटी पाहणाऱ्यासाठी जन्मली. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सर्पगृह उघडले आणि १८५३ साली तिथेच मत्स्यालय आले. तिकीट काढून येणाऱ्या माणसाला जीव दिसावा आणि जिवाने माणसाला चावू नये, हा काचेचा उपयोग. आपल्याकडचे उदाहरण पाहा. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या केबिनमध्ये बसले. साप उगाच चावत नाही, हे लोकांना त्यांनी डोळ्यांनी दाखवले. तिथे काच हवीच होती, कारण शिकणारे बाहेर उभे होते. पुढे १९८६ साली त्यांच्या पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान झाले. माझा काचेवर राग नाही. ती शाळेसारखी आहे. तिथे राहायला कुणी जात नाही.

उलट ज्यांना साप काही दिवस जिवंत ठेवायचा असे, त्यांनी काच कधी वापरली नाही. मढीच्या यात्रेत लहानपणी मी गारुड्याची टोपली पाहिली आहे, वेताची, झाकणाची, आत काळोख. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीआधी नाग धरून मातीच्या मडक्यात ठेवत, तोंडाला फडके बांधून. मातीचा गारवा, काळोख, अंगाला लागणारी भिंत. पुढे न्यायालयाचे आदेश आले आणि जिवंत नागांच्या मिरवणुकांवर बंदी आली, ते योग्यच झाले. गारुड्यांनी तर नागांचे दात पाडले, तोंडे शिवली, त्याचे समर्थन कोण करील? नाग धरणे चूक होते. मडके चूक नव्हते.

डब्याचे गोडवे गाणारेही मला भेटले, आणि त्यांचे सगळेच मला पटत नाही. सापांची पैदास करणारे लोक असे डबे कपाटाच्या खणांसारखे एकावर एक रचतात. जागा वाचते, साफसफाई झटपट होते, ऊब सगळ्यांना सारखी मिळते. पण कित्येकदा तो डबा एवढा लहान असतो की साप त्यात कधी सरळ होऊ शकत नाही, तळाला कागद आणि कोपऱ्यात पाणी, बस. सापाला अडचण आवडते, असे ते म्हणतात. इथे मला माझी कोपी आठवते. अंधारी, ठेंगणी, अंगाला लागणारी जागा कशी असते ते मला पुस्तकातून वाचायला नको. रात्री थंडीत ती कोपी मला आवडायची, आईच्या कुशीत तर फारच. पण सकाळ झाली की मी बाहेर माळावर पळायचो. केशर दिवसा कुंडीत असते. रात्री दिवे गेले की डबाभर फिरते, फांदीवर चढते, झाकणाला तोंड लावून पाहते. अडचण हवी हे खरे, पण त्यातून निघता आले पाहिजे. थंड टोक आणि उबदार टोक, दोन्ही हवीत, आणि कुठे जायचे ते तिने ठरवावे. जिथे ठरवायला काही नाही, तो डबा म्हणजे पुन्हा बरणीच.

आणखीही खोडी आहेत. भोके कमी पडली तर ओल कोंडते आणि सापाला श्वासाचा विकार होतो. म्हणून काथ्याचा भुगा वरून कोरडा असावा आणि ओले फडके एकाच कुंडीत. थंडीत खाली गरम पट्टी ठेवायची तर तिला तापमान रोखणारे यंत्र हवेच, नाहीतर प्लॅस्टिक वितळते आणि सापाचे पोट भाजते. पट्टी तिसरा हिस्सा तळाखाली, पूर्ण तळाखाली नव्हे. कड्या रोज तपासायच्या. आणि एका डब्यात एकच साप. या जातीला सोबत लागत नाही, एखादवेळी धाकट्याला थोरला गिळतो.

काका-काकू मेअखेर परत आले. दिवाणखान्यातली रिकामी पेटी पाहून काकू क्षणभर गप्पच झाल्या. मी त्यांना बोळात नेऊन झाकण उघडले. त्यांनी कात हातात घेतली, खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि जर्मनीला फोन लावला. ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे त्यांनी दिले. मावशीचे काम चालू आहे. जूनमध्ये मी इथे प्रवेश घेतला. वडिलांनी मुकादमाला एकच कोयता सांगितला, त्यांचा आणि आईचा. पैसे कशाचे, हे कळल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सापाची राखण केली म्हणून पैसं? आन् तो खातो काय? उंदीर?" थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "किती मोठा डबा?" मी हातांनी दाखवला.

या दिवाळीत, आईवडील कारखान्यावर गेल्यानंतर, मी दोन दिवस पुण्याला जाऊन आलो. केशर आता चार फुटांच्या वर गेली आहे. तीन फुटांचा डबा तिला अपुरा पडतो. कोपऱ्यात वळसा घेतल्याशिवाय तिला लांब होता येत नाही. एवढा मोठा डबा बोहरी आळीत मिळाला नाही. काकांनी सुताराला बोलावले आहे. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच लाकडी पेटी, तीन बाजू बंद, बाजूंना हवेसाठी जाळीच्या पट्ट्या, पुढे सरकती काच. काच एकाच बाजूला ठेवायची, तिच्यापुढे काळा पडदा, आणि पडदा संध्याकाळी फोनच्या वेळेला थोडा सारायचा, यावर मुलगा आणि मी दोघेही कबूल झालो. आत वॉर्निश नको, वास जाईपर्यंत महिनाभर पेटी उघडी ठेवा, एवढे सुताराला बजावून मी मापे कागदावर लिहून दिली आहेत.